अर्धी मिरची

बातमी आली तेव्हा मी कोंबड्यांची विष्ठा भाजत होते.

वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण आमच्या केंद्रात ते रोजचंच काम आहे. सकाळी खुराड्याखालचे ट्रे काढायचे, ओव्हनमध्ये सरकवायचे, वेळ लावायची आणि नाकाला रुमाल बांधून बसायचं. मे महिना संपत आला होता. नंदुरबारचा मे, त्यात ओव्हनची खोली, त्यात तो वास! पावणेबाराला फोन वाजला. रफिकभाई होते, आमच्या जीपचे ड्रायव्हर. ते आणि माझे यजमान विलास पहाटेच धडगावच्या पलीकडे एका पाड्यावर गेले होते.

"भाभी," रफिकभाई म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "भाभी, ओव्हन बंद करा. घर जा. मी विलासभाऊले लई येस."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आवाजावरून कळतं.

ओव्हनची वीस मिनिटं बाकी होती. अर्धवट भाजलेला ट्रे बाहेर काढायचा नाही, हा नियम विलासनीच घातलेला. मी वीस मिनिटं थांबले. मग हात धुतले आणि घरी गेले.

आमच्याकडे दुखवट्याला दारावर येणारी माणसं फार बोलत नाहीत. येतात, बसतात, पाणी पितात, उठतात. तिसऱ्या दिवशी केंद्रातली मंडळी ओट्यावर बसली होती. आमच्या प्रकल्पाचे शास्त्रज्ञ आगाशे सर मोठ्या शहरातून आले होते. शेवटी रफिकभाई म्हणाले, "ते पातेलं आठवस का, सर?" आणि सरांना हसू फुटलं, मग डोळे पुसावे लागले.

त्यानंतर थांबता आलं नाही. मिरचीच्या पथारीवर, म्हणजे आमच्या गावाबाहेर मिरची वाळवायची मोकळी मैदानं आहेत तिथे, ढिगातून एक मिरची ओढली की शेजारच्या चार घसरून खाली येतात. किस्स्यांचं तसंच आहे. पाच वर्षांत इतके साठले होते, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

*

आधी आमचं काम काय ते सांगते.

गावकोंबड्यांना मानमोडी नावाचा विषाणूचा रोग होतो. कोंबडीची मान वाकडी होते, ती जागच्या जागी गोल फिरते, आणि आठवड्याभरात अख्ख्या पाड्यावरचं आरवणं बंद पडतं. त्यावर लस आहे, चांगली आहे. पण ती बर्फात न्यावी लागते. सातपुड्यातल्या पाड्यावर बर्फ न्यायचा, झाडावर झोपणारी एकेक कोंबडी धरायची आणि तिच्या डोळ्यात थेंब टाकायचा! म्हणून सरांच्या संस्थेने एक मिरची तयार केली. लसीचा गुण फळातच. पिकलेली मिरची अंगणात टाकायची, कोंबडी खाईल, संपलं. थर्मास नको, सुई नको.

मिरचीच का, हे सरांनी पहिल्या दिवशी आम्हाला फळ्यावर समजावलं.

"कोंबडीला तिखट लागतच नाही! उंदीर तोंड लावणार नाही, शेळी लावणार नाही, आणि माणूस तर कच्ची मिरची खाणारच नाही. म्हणजे कुंपण रोपाच्या आतच आहे. काय?"

रफिकभाईंच्या तीन पिढ्या मिरचीच्या व्यापारात गेलेल्या. त्यांनी हळूच हात वर केला.

"सर, तुम्ही नंदुरबारमा मिरचीनं कुंपण करी ऱ्हायनात?"

सर मोठ्याने हसले. आम्ही कोणीच हसलो नाही; आमच्याकडे भाकरीबरोबर कच्ची मिरची लागतेच.

*

ही मिरची बाहेर जाऊ द्यायची नाही, ही सगळ्यात मोठी अट. चाचणी पूर्ण होईपर्यंत एक फळ, एक बी जाळीघराबाहेर, म्हणजे रोपांच्या जाळीबंद शेडबाहेर, दिसलं तर प्रकल्प बंद. ओळख पटावी म्हणून सरांनी मुद्दाम वेगळं दिसणारं वाण निवडलं होतं. फळ आभाळाकडे तोंड करून वाढायचं आणि देठाखालची टोपी जांभळी. तशी मिरची आमच्या जिल्ह्यात दुसरीकडे कुठेच नाही.

विलास पशुधन पर्यवेक्षक, आणि जाळीघराची जबाबदारी त्यांच्याकडे. दारात ब्रश घेऊन ते स्वतः उभे राहायचे. पँटचा मुडपा उलगडा, बूट झटका, केस झटका. खिसे तर शिवूनच टाकायला लावले होते सगळ्यांना. त्यांच्या पाचही शर्टांचे खिसे मी माझ्या हाताने शिवले.

एकदा सर घाईत निघाले. विलास दारात आडवे.

"सर, बूट."

"अहो, हे वाण मी तयार केलंय!"

"म्हणूनच, सर. ते तुम्हाला सहज सोडायचं नाही."

सरांनी बूट काढले. टाचेच्या खाचेत एक बी होतं!

मलाही सवलत नव्हती. "मॅडम, पदर झटका." बायकोला चारचौघांत असं म्हणणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. आणि एका संध्याकाळी घरी जेवायला बसलो, तेव्हा माझ्या वेणीतून एक बी ताटाशेजारी पडलं. इवलंसं, पिवळट. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. त्यांनी ते कागदात गुंडाळलं, मोटारसायकलची किल्ली घेतली. केंद्र आठ किलोमीटर लांब.

"अहो, जेवून तरी जा."

"बी जेवायला थांबत नाही, सुनंदा."

परत आले तेव्हा भाकरी गार झाली होती. तीच खाल्ली. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात माझी वेणी सोडायला लावली.

*

आता ते पातेलं.

वादळाने जाळीचा एक कोपरा फाटला आणि चाचणीसाठी पाळलेल्यांपैकी सतरा नंबरची कोंबडी पळाली. कोंबडी पळाली तर एवढं काय, असं वाटेल. पण पक्ष्याच्या पोटातून मिरचीचं बी जसंच्या तसं बाहेर पडतं आणि झकास उगवतं. रानात मिरची पसरते तीच पाखरांमुळे. म्हणून तर मी विष्ठा भाजते! सतरा नंबरने सकाळीच पोटभर मिरच्या खाल्लेल्या. ती जिथे जिथे बसेल तिथे तिथे आमचा प्रकल्प पेरत जाणार होती.

दोन तास आम्ही शेजारचा कापूस पालथा घातला. रफिकभाई बांधावरून पायी चालल्याच्या वेगाने जीप चालवत होते. विलास एकच वाक्य म्हणत होते, "खाली बघा, खाली बघा." शेवटी शेजारच्या मळ्यातल्या आप्पांच्या घरातून मसाल्याचा वास आला.

विलास उंबऱ्यातच थांबले. "आप्पा, कोंबडी?"

"आपोआप उनी! देवनी धाडी." आप्पा खुशीत होते. जावई आला होता.

"वाढली का?"

"आजून उकळी येवानी शे."

विलासनी चुलीवरचं पातेलं फडक्याने धरून उचललं. पिसं, पाय, आतडी, ज्या राखेवर ती टाकली होती ती राखसुद्धा पिशवीत भरली. आप्पा मागे धावले.

"अरे, जवाई येल शे आन तुम्ही पातेलं ली चालनात?"

"दुसरी कोंबडी आणून देतो, आप्पा. आत्ता."

"पन मसाला तं मन्हा शे ना! तो तरी ठेवा!"

रफिकभाईंनी बाजारातून दुसरी कोंबडी आणून दिली. पहिली रश्शासकट आमच्या भट्टीत गेली. दुपारभर केंद्रात असा वास सुटला होता की कोणाचंच कामात लक्ष लागेना. रफिकभाई भट्टीकडे पाठ करून बसले होते.

"असं जाळतस नहीत, भाभी," ते म्हणाले. "असं खातस."

त्या कोंबडीची वाट धरून विलास पुढचे दोन महिने रोज सकाळी आप्पांच्या बांधावर जायचे. काहीच उगवलं नाही.

*

दुनीबाई आमच्याकडे आली ती त्याच थंडीत.

धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरची ती. घरी पावरी बोलायची, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी, आणि सगळ्यांना 'तू' म्हणायची. सरांनाही. दर हिवाळ्यात मिरचीचे देठ खुडायला पथारीवर उतरायची. तिचा हात इतका हलका होता की फांदीला न कळता फळ सुटायचं, म्हणून विलासनी तिला जाळीघरात घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी एका रोपावरची फळं जुळेनात. एक कमी.

दरवाजे बंद झाले. सगळे जागच्या जागी उभे. वरच्या समितीची तपासणी दोन दिवसांवर आलेली. विलासनी रोपाखालची माती चाळली, नाली चाळली, मग उभे राहिले. सर तेव्हा केंद्रातच होते. ते भिंतीला टेकले.

दुनीबाई कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "तू मिरची शोधतो? मी खाल्ली."

सर भिंतीपासून सुटून पुढे आले.

"भाकरीबरोबर काही नव्हतं," ती म्हणाली.

सरांनी विचारलं, "पूर्ण?"

"अर्धी." तिने कमरेचं फडकं सोडलं. त्यात भाकरीचा तुकडा आणि दातांच्या खुणा असलेली अर्धी मिरची. "फिक्की आहे तुझी मिरची. म्हणून ठेवून दिली."

सरांची सहा वर्षांची मेहनत, आणि हा पहिला अभिप्राय!

सरांनी संस्थेत फोन लावला. उत्तर आलं, घाबरण्यासारखं काही नाही, दहा दिवस लक्ष ठेवा. मग सरांनी दबक्या आवाजात आणखी एक गोष्ट सांगितली. अर्ध्या मिरचीत बिया असणार. त्या चावल्या गेल्या की नाही कोण जाणे. तेव्हा दहा दिवस दुनीबाईंनी केंद्राचाच संडास वापरावा, शेतात जाऊ नये. हे तिला सांगायचं कोणी? पुरुष सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी मी सांगितलं. दुनीबाई आधी ऐकत राहिली, मग तिला इतकं हसू आलं की खालीच बसली.

"तुझा माणूस," ती विलासकडे बोट दाखवून म्हणाली, "कोंबडीचं बघतो, आता माझंही बघतो!"

सरांना वाटलं होतं विलास तिला कामावरून काढतील. विलास म्हणाले, "चूक तिची नाही. भाकरीला कोरड्यास नव्हतं, ही चूक आपली." दुसऱ्या दिवसापासून मी रोज डब्यात दुनीबाईसाठी ठेचा न्यायचे. कुंपण, जाळी, दुहेरी दार आणि ठेचा, अशी आमच्या संरक्षणाची चौथी फळी झाली. पुन्हा एकही फळ कमी झालं नाही.

*

समिती आली. तिघं जण, पांढरे कोट, पायात निळ्या पिशव्या. सगळं पाहिलं, खूश झाले. निघताना त्यांच्यातल्या प्रमुखांनी सहज विचारलं. त्यांच्या यादीतला शेवटचा प्रश्न होता तो. "मानवी सेवनाची काही घटना?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी विलासकडे.

"हो, साहेब," विलास म्हणाले. "अर्धी."

"अर्धी काय?"

विलासनी कपाटातून सीलबंद पाकीट आणून टेबलावर ठेवलं. दातांच्या खुणा प्लास्टिकमधूनही स्पष्ट दिसत होत्या. त्या गृहस्थांनी पाकीट उजेडाला धरलं.

"तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"मला कळलेलंच होतं, साहेब."

त्यांनी पेन उघडलं आणि लिहून घेतलं. परतताना गाडीत बसण्याआधी विलासच्या दंडावर थोपटलं. आम्हाला वाटलं, निभावलं.

*

होळीला दुनीबाई पाड्यावर गेली आणि आठवड्यातच निरोप आला. शेजारच्या पाड्यावर मानमोडी आली होती. तिच्याकडे तेवीस कोंबड्या. पाहुणा आला, औषधपाणी लागलं, देवाला द्यायचं झालं, की तिच्या घरात हात कोंबडीकडेच जायचा. दुसरं काही नव्हतं.

आमच्या मिरचीला तर दाराबाहेर जायची परवानगी नाही. विलासनी जुनीच लस थर्मासात बर्फ भरून घेतली आणि रफिकभाईंबरोबर निघाले. घाटात एक ट्रक आडवा झालेला. चार तास गाडी हलली नाही. रफिकभाई सांगतात, विलास थर्मास मांडीवर घेऊन बसले होते, वरून ओला टॉवेल, आणि दर पाच मिनिटांनी कानाशी धरून हलवत होते. आधी बर्फाचा आवाज यायचा. मग पाण्याचा यायला लागला.

पाड्यावर पोचले तेव्हा दुनीबाईने कोंबड्या टोपल्याखाली धरून ठेवल्या होत्या. विलासनी थर्मास उघडला, बोट घातलं. लस कोमट झाली होती.

"टाक," दुनीबाई म्हणाली.

"मेली ही. उपयोग नाही."

"पाणी तर पाणी. तू टाक ना!"

विलासनी ती दगडावर ओतून दिली. गुण नसलेली लस टाकून तिला भरवसा द्यायचा, हे त्यांच्याने झालं नाही. दुनीबाई त्या ओल्या दगडाकडे बघत राहिली.

आठ दिवसांत तेवीसच्या तेवीस गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा खाली आली. त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त जाळीघरात शिरताना विलासना विचारलं, "तुझी मिरची माझ्या कोंबड्यांना कधी?"

"कागद येऊ दे."

"कागद कोंबडी खाते का?"

यावर आम्ही हसलो. विलास हसले नाहीत. ते म्हणाले, "कागद आला की पहिली मूठ तुझ्या अंगणात. माझ्या हाताने."

"विसरशील."

"नाही विसरणार."

त्यानंतर ती रोज आत शिरताना एकच शब्द म्हणायची, "कागद?" आणि विलास ब्रशने तिच्या चपला झटकत म्हणायचे, "येतोय." रक्ताचे नमुने चांगले आले होते. कोंबड्यांच्या अंगात हवं ते उतरलं होतं. दुनीबाईच्या पाड्यावर चाचणी करायचा अर्ज गेला होता. तिने खुडणीचा हंगाम संपताना बाजारातून अकरा पिल्लं विकत घेतली, टोपलीत घालून वर नेली. खात्रीच धरली होती तिने.

*

कागद मे महिन्यात आला.

त्याचा किस्सा आगाशे सरांनी मला ओट्यावर बसून सांगितला. मला घरात तो कळलाच नव्हता. विलास एवढंच म्हणाले होते, "उद्या धडगावला जाऊन येतो."

परवानगी नाकारली होती. मानवी सेवनाची नोंदलेली घटना लक्षात घेता आणखी तीन वर्षं बंदिस्त चाचणी करावी, असं लिहिलं होतं. सरांनी विलासना फोनवर वाचून दाखवलं. मग त्यांना राहवलं नाही.

"विलास, ती अर्धी मिरची तुम्ही सांगितली नसतीत तर..."

"सर," विलास म्हणाले, "ओव्हन लावायचाय." आणि फोन ठेवला.

"मी ते बोलायला नको होतं, मॅडम," सर मला म्हणाले. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

*

पुढचं रफिकभाईंनी सांगितलं.

विलासना ही गोष्ट दुनीबाईला निरोपाने कळवायची नव्हती, म्हणून ते स्वतः गेले. अंगणात बसले. पिल्लं आता मोठी झाली होती, त्यांच्या पायांत फिरत होती.

"कागद?" दुनीबाईने विचारलं.

"हरवला."

"कुठं?"

"वरच्या ऑफिसात."

रफिकभाई म्हणाले, "भाभी, विलासभाऊले खोटं बोलताना मी पहिल्यांदा दखं." नकार तिच्या अर्ध्या मिरचीमुळे आला, हे तिला कळू द्यायचं नव्हतं, हे रफिकभाईंना मागाहून समजलं.

दुनीबाई हसली म्हणे. "तू बी हरवू देत नाही. कागद हरवतो?" मग आत गेली आणि त्यांच्यासाठी भाकरी टाकली. रफिकभाई गाडीसाठी पाणी आणायला ओढ्यावर गेले. परत आले तेव्हा विलास अंगणाच्या कडेला हात धूत होते. जेवण झालं असेल, असं त्यांना वाटलं.

घाट उतरताना विलास म्हणाले, जरा गाडी बाजूला घ्या, छातीत कळ येतेय. रफिकभाईंनी गाडी बाजूला न घेता दामटली. दवाखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दवाखान्यातून कपड्यांची पिशवी मिळाली. शर्टाच्या खिशाची शिवण उसवलेली होती. दोरा जुना झाला असेल. मी खिसा पुन्हा शिवला आणि शर्ट कपाटात ठेवला.

*

आता शेवटचा. हा मी ओट्यावर कोणाला सांगितलेला नाही.

विलासची जागा केंद्राने मला दिली. दारात ब्रश घेऊन आता मी उभी असते. नियम सगळे तेच. आमचं रोप बाहेर कुठे दिसलं तर ते मुळासकट उपटायचं, जाड पिशवीत बंद करायचं, भट्टीत जाळायचं आणि त्याच दिवशी कळवायचं. ती पिशवी मी पर्समध्ये घडी करून ठेवते.

या हिवाळ्यात दुनीबाई आली नाही. होळीच्या आधी बातमी आली की तिच्या बाजूला पुन्हा मानमोडी फिरतेय. मी रफिकभाईंना म्हटलं, जाऊन येऊ. थर्मास घेतला. या वेळी घाट मोकळा होता.

ओढ्याच्या अलीकडच्या पाड्यावर गाडी थांबवली. दुपारची वेळ, पण कुठे फडफड नाही, आरवणं नाही. एका म्हाताऱ्याने नुसता हात उलटा करून दाखवला. सगळ्या गेल्या.

आम्ही ओढा ओलांडला. मी थर्मास कानाशी धरून हलवला. बर्फ होता.

दुनीबाईच्या अंगणात आधी कोंबडा दिसला. मग कोंबड्या. एकीच्या मागे पिल्लांची रांग. माना सरळ, पिसं चकचकीत. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

घरामागे काटेरी फांद्यांचं छोटं कुंपण होतं. त्याच्या आत कमरेएवढी सात रोपं. लाल फळं, आभाळाकडे तोंड केलेली. देठाखालची टोपी जांभळी.

रफिकभाईंनी खाली पडलेलं एक फळ उचललं, मोडलं, वास घेतला. तीन पिढ्यांचं नाक. त्यांनी ते फळ जिथे होतं तिथेच ठेवलं.

"मी गाडी फिरवस, भाभी," ते म्हणाले. "तुम्ही या निवांत." आणि वळून न बघता गेले.

दुनीबाई दारात उभी होती. तिने मला बसायला घोंगडी टाकली. विलासबद्दल तिला कळलं होतं.

"तुझ्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं," ती म्हणाली.

मी मान हलवली. बी कुठून आलं, ते विचारायला तोंड उघडलं तर तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली. वर एक मिरची.

"फिक्की आहे," ती म्हणाली. "पण कोंबड्यांना आवडते. तू खा."

मी अर्धी खाल्ली.

उरलेली अर्धी तिथेच ठेवली, उठताना पदर झटकला, केस सोडून झटकले, चपला झटकल्या. त्या झटकताना दुनीबाई माझ्याकडे बघून हसली. थर्मास तसाच बंद परत आणला.

याला आता तीन आठवडे झाले. पिशवी पर्समध्ये घडीतच आहे. ती सात रोपं उपटायची राहिली आहेत.